खरकटा डबा

रूम-पार्टनर शोधताना माझी एकच अट होती, भांडी घासणारा पाहिजे. मिळाला तो असा की चहाचा कप मोरीत ठेव म्हटलं तरी "थांब की लेका" म्हणायचा. शिरूरला कॉलेजजवळच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही दोघं दीड वर्ष राहिलो. बरे राहिलो, म्हणजे रोज भांडलो.

त्याचं गाव खुटबाव. आजोबा मेंढरांमागं हिंडलेले, वडील शेतीत स्थिरावलेले आणि घरातून कॉलेजात गेलेला हा पहिलाच. आई रोज सकाळी डबा करायची. कुणाच्या तरी गाडीवर तो चौफुल्याला यायचा आणि तिथून एसटीत, कंडक्टरच्या सीटखाली बसून शिरूरला. स्टँडवर भरलेला घ्यायचा, कालचा रिकामा द्यायचा. भाकरी दोघांपुरत्या असायच्या. रिकामा डबा हा पठ्ठ्या जसाच्या तसा द्यायचा, रस्सा वाळून चिकटलेला. मी ओरडायचो, "अरे लाज बाळग, आईनं खरवडत बसायचं का?"

"तिला त्याबिगर करमत न्हाई," म्हणायचा.

दुसऱ्या वर्षी त्याचे चार विषय राहिले. एक दिवस बॅग भरली आणि सणसवाडीला एका कंपनीत कंत्राटावर लागला, तिथंच खोली घेतली. जाताना मला शपथ घातली. "घरी बोलू नको. आईला कळलं तर अन्न सोडंल ती. मीच सांगतो नीट."

"आणि डबा?"

"तू खा की."

मग मी खात राहिलो. दोन महिने. स्टँडवर जायचं, डबा घ्यायचा, खोलीत येऊन एकट्यानं जेवायचं. आधी त्याचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली, मग काहीच वाटेनासं झालं. तोंडाला चव नव्हती. त्याच्या वाटची भाकरी टाकवत नव्हती, म्हणून तीही खायचो. सवयीनं डबा घासायचो, पुसायचो, परत द्यायचो. तो हळूहळू माझा फोनही उचलेनासा झाला.

एका सकाळी डब्याबरोबर त्याची आईच एसटीतून उतरली. दिवाळीला त्यांच्या घरी गेलो होतो, त्यामुळं लगेच ओळखलं.

"मावशी, तो लेक्चरला..."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "दोन महिनं डबा लख्ख येतोय. माझ्या लेकानं जन्मात स्वतःचं ताट उचललं न्हाई. पयल्याच दिवशी कळलं मला."

"मग तुम्ही डबा कशाला पाठवत होतात?"

"तू जेवत हुतास ना?"

रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. मी नुसता डबा धरून उभा होतो.

"कुठं हाय ते इचारत न्हाई. शपथ घातली असंल. येवढंच सांग, जेवतो का तो?"

"व्हय, जेवतो की."

मला काय माहीत! पण तिनं मान हलवली आणि त्याच गाडीनं परत गेली.

मी डबा उघडलाच नाही. पुढची गाडी धरून सणसवाडीला गेलो आणि शिफ्ट सुटेपर्यंत कंपनीच्या गेटसमोर थांबलो. तो बाहेर आला. पार वाळला होता. "तिला कळलंय," म्हणालो आणि डबा पुढं केला. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून, मान वर न करता त्यानं सगळ्या भाकरी संपवल्या. मग उठला आणि डबा घेऊन नळाकडं निघाला. एकटं राहून शिकला असणार.

मी डबा हिसकावून घेतला. "धुऊ नको, गाढवा!"

दुसऱ्या दिवशी स्टँडवर तो तसाच कंडक्टरच्या हातात दिला. झाकणाच्या कडेला रस्सा वाळला होता.

"आज धुतला न्हाई व्हय?" कंडक्टरनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो, आणि तिथंच, सगळ्यांसमोर, मला रडू फुटलं.