भावोजींचा तह

दुसऱ्या महायुद्धाचं माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतकं वाईट जगात कोणालाच वाटलं नसेल. ते लढलेल्यांनाही नाही. भावोजी पूर्वी चिपळूणकडच्या एका शाळेत तासिकांवर इतिहास शिकवत. पहिलं महायुद्ध ते दोन तासांत उरकत आणि मग दोन युद्धांमधल्या काळात जे शिरत ते बाहेरच येत नसत. व्हर्सायचा तह, राष्ट्रसंघ, ॲबिसिनिया, म्युनिक. मुलं विचारायची, "सर, युद्ध कधी?" भावोजी म्हणायचे, "थांबा रे, अजून टळू शकतं." तेवढ्यात परीक्षा यायची, मुलं वरच्या वर्गात जायची आणि त्या शाळेत दुसरं महायुद्ध काही सुरू व्हायचं नाही. कोणी पुढचं विचारलंच, तर म्हणत, "पुढे नुसती मारामारी आहे. ती काय वाचायची."

शाळेने त्यांना कायम केलं नाही, म्हणून ते सौदीत हफ्र अल बातिनला एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर झाले. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. पदवी घेऊन गावात चपला झिजवत होतो, तेव्हा त्यांनीच मला तिथल्या ऑफिसात चिकटवलं. व्हिसापासून इकाम्यापर्यंतची, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यापर्यंतची, सगळी धावपळ त्यांची. तेव्हा मी इथे त्यांची थट्टा करतो आहे ती खाल्ल्या मिठाला जागूनच. पहिल्या दिवशी मला कॅम्पवर नेताना त्यांनी प्रवास कसा झाला हे विचारलं नाही. म्हणाले, "मेहुणे, कोणाच्या खाटेवर टेकायचं नाही आणि आपल्या खाटेवर कोणाला टेकू द्यायचं नाही. ऱ्हाइनलँड असंच गेलं."

सगळं जग ते त्या वीस वर्षांच्या फूटपट्टीने मोजत. पाण्याचा टँकर आला नाही आणि ड्रायव्हर फोनवर "बुकरा, बुकरा" म्हणजे उद्या, उद्या करत राहिला, की तो राष्ट्रसंघाचा ठराव. फ्रिजमधला अर्धा कप्पा कोणी गोडीगुलाबीने मागितला की भावोजी मला कोपऱ्यात घेऊन सांगत, "हे म्युनिक आहे. आज कप्पा देऊ, उद्या तो फ्रिज मागेल." एकदा खरोखरच तो कप्पा गेला आणि आठवड्यात आमचं लोणचं खाटेखाली आलं. त्या दिवशी भावोजी दुःखी होते, पण आपलं भाकीत खरं ठरल्याचा आनंद त्यांना लपवता आला नाही.

कॅम्पचं खरं युद्ध झालं ते तव्यावरून. आमच्या खोलीतला दापोलीचा फिटर युसुफ सुट्टीवरून सुके बोंबील घेऊन आला आणि ते त्याने गोरखपूरच्या पंडितजींच्या रोट्यांच्या तव्यावर भाजले. पंडितजी रंगारी, शुद्ध शाकाहारी. त्यांनी तवा वाळूत फेकून दिला. कॅम्पच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, न्याय केला: युसुफने सर्वांसमोर माफी मागायची, नवा तवा द्यायचा आणि यापुढे आपला स्वयंपाक बाहेर उन्हात करायचा. भावोजींनी कपाळाला हात लावला. "हरलेल्याला एवढं वाकवतात का कोणी? हे व्हर्साय झालं. आता बघा." बघायला फार दिवस लागले नाहीत. पंडितजींच्या एसीमागून सुकटीचा वास येऊ लागला आणि युसुफच्या कामाच्या बुटांना आतून पिवळा ऑइल पेंट लागला.

शेवटी एका शुक्रवारी दुपारी भावोजींनी शांतता परिषद बोलावली. जमिनीवर मोठी चादर अंथरली होती. एका टोकाला युसुफ, दुसऱ्या टोकाला पंडितजी, मध्ये भावोजी. बराच वेळ युरोपची कहाणी सांगून ते आपल्या रत्नागिरी हिंदीत म्हणाले, "तो लढाई में कुछ नहीं है. अब तुम दोनों मिलके तह करो."

पंडितजी गोंधळले. हिंदीत तह म्हणजे कपड्याची घडी. त्यांनी खाली चादरीकडे पाहिलं, भावोजींकडे पाहिलं आणि उठले. "युसुफ भाई, उधर का कोना पकड़ो. मास्टरजी चादर तह करने को बोल रहे हैं."

आम्हाला सगळ्यांना, खुद्द भावोजींनाही, चादरीवरून उठवण्यात आलं. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोघं टोकं धरून उभे राहिले, एक घडी घातली, चार पावलं पुढे आले, दुसरी घातली, आणखी पुढे आले. शेवटी युसुफने आपल्या हातातले कोपरे पंडितजींच्या हातात दिले तेव्हा त्यांची नाकं वीतभर अंतरावर होती. "तुम्हारे बदन से अभी तक सुकट का बास आता है, पंडितजी," युसुफ म्हणाला, आणि पंडितजींना हसू फुटलं. "व्हर्सायला हे कोणाला सुचलं नाही," भावोजी मला हळूच म्हणाले.

पुढे सौदीकरणाचं वारं आमच्यापर्यंत पोचलं. कंपनीत सौदी माणसं कमी, म्हणून टाइमकीपरची जागा एका सौदी तरुणाला द्यायची ठरली. भावोजींनी त्याला काम शिकवायचं आणि मग फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी. माझी भाची तेव्हा फार्मसी शिकत होती, शेवटचं वर्ष बाकी होतं. "मास्तर, त्येला काय शिकवू नका," युसुफ म्हणाला. "हजेरीचा घोळ झाला की तुमालाच थांबवतील." पंडितजींनीही मान हलवली. आणि आयुष्यात पहिल्यांदा भावोजी युद्धाच्या बाजूला झुकले. "निर्बंध लावू," ते म्हणाले. ओव्हरटाइमची पद्धत सांगायची नाही, आणि ऑफिसातला चहाही त्याला विचारायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तो तरुण घरून कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास आणि खजूर घेऊन आला. पहिला पेला त्याने भावोजींपुढे धरला. "तफद्दल, उस्ताद." पेला रिकामा झाला की तो हलवायचा, म्हणजे पुरे, असा तिकडचा रिवाज. भावोजींना तो चांगला ठाऊक होता. त्या सकाळी त्यांनी पेला हलवलाच नाही. तो ओतत राहिला, हे पीत राहिले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ओव्हरटाइम शिकवून झाला होता.

"भावोजी, निर्बंधांचं काय झालं?" मी विचारलं.

"ॲबिसिनियाच्या वेळी इटलीचं सगळं अडवलं, तेल तेवढं सोडलं. मी चहा अडवला, कहवा राहिला." मग म्हणाले, "तो उद्या चुकला असता, चार लोकांत बोलणी खाल्ली असती आणि त्याचा राग पुढे युसुफवर, पंडितजींवर, तुमच्यावर काढला असता. मी तर जाणार आहे, मेहुणे. तुम्ही इथे राहणार आहात."

जायच्या सकाळी तो तरुण स्वतः गाडी घेऊन आला. आत युसुफ आणि पंडितजी, कोणी न सांगता, भावोजींच्या खाटेवरची चादर दोन टोकांना धरून उभे होते. घडी झाल्यावर पंडितजींनी ती त्यांच्या हातात ठेवली. "मास्टरजी, तह कर दिया." भावोजींनी ती चादर माझ्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसले.

ताईने शिवणकाम वाढवलं आणि भाचीचं वर्ष कसंबसं पार पडलं. भावोजी आता गावी शिकवण्या घेतात. त्यांच्या वर्गात अजूनही युद्ध सुरू झालेलं नाही. ती चादर माझ्याकडे आहे. इथे थंडीत कधी गरज पडते, पण मी दुसरी घेतो. त्या चादरीची घडी मी अजून मोडलेली नाही.