सगळ्यात कमी भावाचं काम

डमडमच्या त्या गल्लीत कोल्हटकर हे आडनाव कुणाच्या जिभेवर बसत नसे, म्हणून प्रतिभाला सगळे ‘पूलकार काकीमा’ म्हणत. मुलांना शाळेत ने-आण करणाऱ्या गाडीला कोलकात्यात पूलकार म्हणतात, आणि ती चालवणारी बाई आसपास एकटी तीच. जन्म तिचा इथलाच. वडील बँकेच्या बदलीवर आले आणि राहून गेले. नवरा मात्र सांगलीचा. दत्तात्रय एका सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लेक नूपुर लहान असताना तिला शाळेत सोडता सोडता शेजारची दोन मुलं गाडीत बसू लागली, मग आणखी काही, मग गाडीच मोठी घ्यावी लागली. नूपुर शिकून बंगळूरला गेली. गाडी राहिली.

घर दत्तात्रयांच्या पेन्शनीवर चालायचं. पण सकाळी अंघोळ करून, केसांना चाप लावून, किल्ली हातात घेऊन जिना उतरणारी प्रतिभा ही त्या गाडीमुळे होती. पन्नाशी उलटलेल्या तिच्या मैत्रिणी गुडघ्यांबद्दल बोलायच्या, तेव्हा ही ट्रॅफिक सार्जंटबद्दल बोलायची.

पावसाळ्यात गाडी पाणी पिऊ लागली. रोज सकाळी रेडिएटरमधलं पाणी कमी आणि खाली जमिनीवर थेंब नाही.

“अहो, हे पाणी जातंय कुठे?”

“उडत असेल. या हवेत माणसं वितळतात, तू पाण्याचं काय घेऊन बसलीस!”

मग एक दिवस मुलांना उतरवून परत येताना मागून पांढरा धूर निघाला आणि गाडी रस्त्यातच बंद पडली. गल्लीतल्या मेकॅनिकने इंजिन उतरवलं आणि सांगितलं, हे मशीन शॉपला न्यावं लागेल. सिलिंडर बोअर करायचे, म्हणजे आतून कातून मोठे करायचे, क्रँक घासायचा, हेड सपाट करायचं. दुर्गापूजेची सुट्टी तोंडावर होती. भाऊबीज झाली की शाळा उघडणार, तोवर गाडी तयार हवी, नाहीतर पालक दुसरी गाडी बघणार.

दत्तात्रय एकदम खुर्चीतून उठले. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना हातात घेण्यासारखं काही मिळालं होतं. “हे माझ्यावर सोड. मी तीन कोटेशनं मागवतो.”

“इंजिनाची?”

“अगं, कशाचीही. जन्मभर केलंय काय मी?”

इस्त्रीचा शर्ट घालून ते तीन मशीन शॉप हिंडले. दोन ठिकाणी एकच उत्तर मिळालं: ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा लोखंडी सांगाडा, आधी गरम पाण्यात धुऊ, प्रेशर देऊन कुठे तडा आहे का बघू, त्याचे वेगळे पैसे, मग पुढचा भाव सांगू. ब्लॉक गेलेला निघाला तर तेवढ्यावरच थांबू. दत्तात्रयांना हे पटलं नाही. भाव आधी ठरत नाही म्हणजे काय? तिसरे शंतनुबाबू. त्यांनीही आधी आढेवेढे घेतले, पण दत्तात्रयांनी रेटून एकच आकडा काढून घेतला, आणि तो सगळ्यात कमी होता.

“पाणी कमी होतं, ते सांगितलंत ना त्यांना?”

“इंजिनच नवं होतंय, त्यात पाण्याचं वेगळं काय सांगायचं?”

ती स्वतः जाऊ शकली असती. पण त्यांची चाल बदलली होती, जेवताना बोलू लागले होते. तिने जाऊ दिलं.

मध्ये विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी शहरातल्या एकाही यंत्राला कुणी हात लावत नाही. मग शंतनुबाबूंचा कारागीर गावी गेला, मग मंडप उभे राहिले. सप्तमी ते दशमी बोलायलाच नको. कोजागरीची लक्ष्मीपूजा उरकल्यावर इंजिन आलं, मेकॅनिकने बसवलं, नवं तेल ओतलं, सुरू केलं. पहिल्या फेरीतच पाणी पुन्हा उतरलं. तेलाचा नट काढून पाहिला तर तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं, म्हणजे त्यात पाणी मिसळत होतं.

ब्लॉक परत शंतनुबाबूंकडे गेला, आणि या वेळी दोघंही गेली. आता त्याला प्रेशर दिलं. दोन सिलिंडरांच्या मधून खालपर्यंत तडा गेलेला.

“बोशुन, बौदी,” शंतनुबाबूंनी स्टूल पुसून दिलं. बौदी म्हणजे वहिनी. पण बोलत होते ते दत्तात्रयांशी. “दादा, बोअर चोख आहे, क्रँक चोख आहे. माप घेऊन बघा.”

“अहो, पण ब्लॉक फुटलाय!”

“फुटलेलाच आला. मी नाही फोडला.”

“मग आधी का नाही पाहिलंत?”

“तुम्ही म्हणालात एक आकडा सांगा. मी टेस्टिंग धरलं होतं. तुम्ही म्हणालात, ही फालतू कलमं काढा.”

प्रतिभाने नवऱ्याकडे पाहिलं. म्हणालेच असणार. अशीच कलमं खोडल्याबद्दल ऑफिसात त्यांचा एकदा सत्कार झाला होता.

“निदान पिस्टन तरी परत घ्या,” दत्तात्रय म्हणाले. आवाज खाली आला होता.

“ते या बोअरच्या मापाचे मोठे पिस्टन. दुसऱ्या कुठल्या इंजिनात घालू? झालेल्या कामाची मजुरीही सोडता येणार नाही दादा, कारागिराने हात चालवलाय.”

“दुसरा ब्लॉक?” हे प्रतिभाने विचारलं.

शंतनुबाबू आता तिच्याकडे वळले. “जुना मिळेल. पण पुन्हा धुणं, टेस्टिंग, बोअर, पिस्टन. गाडीची पंधरा वर्षं कधी भरतात?”

“येत्या उन्हाळ्यात.”

म्हणजे त्यानंतर ही गाडी भाड्याने शहरात चालवायला परवानगीच नव्हती. शंतनुबाबू हात पुसू लागले. “मग तुमचे आणखी पैसे मी कशाला घेऊ, बौदी?”

भांडायची तयारी करून आलेल्या प्रतिभाला या बोलण्याचं काय करावं ते कळेना. तिने पर्स उघडली आणि मजुरी चुकती केली.

मेट्रोत दोघांना शेजारी जागा मिळाली. दत्तात्रय म्हणाले, “कागदावर सगळं बरोबर होतं.”

“हो,” ती म्हणाली. काय बोललं म्हणजे त्यांच्या वर्मी लागेल ते तिला नेमकं माहीत होतं. बोलून इंजिन जोडलं जाणार नव्हतं, आणि उरलेला जन्म या माणसाच्या समोरच्या खुर्चीत काढायचा होता.

त्या संध्याकाळी मुग्धाचा फोन आला. नाशिकहून नवऱ्याच्या बँकेच्या बदलीवर आलेली मुलगी. तिचा मुलगा सुश्रुत दोन वर्षं प्रतिभाच्याच गाडीने जात होता.

“काकू, रागावू नका हं. शाळा उघडतेय ना, म्हणून त्या दुसऱ्या पूलकारला सांगून ठेवलंय. तुमची गाडी आली की लगेच तुमच्याकडे.”

“येत नाही आता ती.”

“अय्या! मग… म्हणजे मग बरंच झालं ना मी सांगून ठेवलं?”

“बरं केलंस.”

बाकीच्यांनी फोनही केला नाही.

शाळा उघडली त्या सकाळी ती नेहमीच्या वेळी उठली, तयार झाली, आणि तयार कशाला झालो म्हणून पलंगावर बसून राहिली. खालून हॉर्न वाजला. नवीन पूलकारचा ड्रायव्हर काच खाली करून हाक मारत होता. सुश्रुत आत बसलेला होता. ती खाली गेली.

“दीदी, आप तो सब जानती हैं. आगे किसको पहले लूं?”

तिने सांगितलं. कोपऱ्यावरच्या जुळ्यांना शेवटी घे, त्यांची आई उशीर करते. तळ्यापाशी राहणाऱ्या मुलीला आधी घे आणि पुढे बसव, मागे बसली की तिला ओकारी होते. शाळेच्या मोठ्या फाटकापाशी गाडी लावू नकोस, सार्जंट दंड करतो. मागच्या बाजूला लाव. तो मन लावून ऐकत होता. चांगला वाटला माणूस.

“काकू, तू नाही चालवत आज?” सुश्रुतने विचारलं.

“नाही रे.”

“उद्या?”

ड्रायव्हरने गाडी काढली.

वर दत्तात्रयांनी चहा केला होता. साखर जास्त झाली होती, तिने तो तसाच प्यायला. इतक्या वर्षांत शाळेच्या दिवशी सकाळचा चहा दोघांनी बरोबर असा घेतलाच नव्हता. तो संपला तरी पेपरसुद्धा अजून आला नव्हता.