नकलेतला माणूस

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक रडतच येतं. सेलूच्या स्टेशन रोडला माझं फोटोफ्रेमचं दुकान हाय. देवाच्या फ्रेमा करतो, लग्नाच्या करतो, पण खरं पोट भरतं ते गेलेल्या माणसांवर. माणूस गेला की घरच्यांच्या ध्यानात येतं, अरे, म्हाताऱ्याचा एकट्याचा फोटो तर न्हाईच! मग कुठल्या तरी भाच्याच्या लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन पळत येतात. त्यातून म्हातारा कापून काढायचा, मागं निळं आभाळ लावायचं, मोठा करायचा आन् मी त्याला काच बसवायची. जित्तेपणी ज्याला कुणी दोन मिनिटं एकटं उभं केलं न्हाई, त्याला मेल्यावर आभाळ! लय चीड येते मला. पण चंद्रभान फ्रेमवाल्याच्या चिडण्याला कोण विचारतंय.

हे कापून काढायचं काम शेजारच्या स्टुडिओतला धम्मपाल करायचा. त्याचीच गोष्ट सांगायला बसलोय.

धम्मपाल मूळचा चुडाव्याचा. बाप सिद्धोधन रेल्वेच्या रुळावर ठेकेदाराच्या हाताखाली गिट्टीच्या पाट्या वाहायचा. धम्मपाल शाळेत असतानाच एका उन्हाळ्यात बापाला चक्कर आली, रुळाच्या कडेला बसला तो उठलाच न्हाई. मागं बायको मालनबाई, हे पोरगं आन् एक पोरगी, संघप्रिया. मालनबाई लेकरं घेऊन सेलूला आली, जिनिंगमधी कापसाच्या ढिगावर राबली, दोघांना शिकवलं, पोरीचं लग्न केलं. धम्मपाल परभणीला कॉम्प्युटर शिकला आन् व्यंकटरावांच्या फोटो स्टुडिओत लागला. पुढं व्यंकटरावांची नजर गेली तसं त्यांनी सगळं ह्याच्याच हवाली केलं. कॅमेरे, पडदे, आन् लोखंडी कपाटात भरलेल्या जुन्या हार्ड डिस्का. आख्ख्या गावाची लग्नं त्या डब्यांत.

पोरगं शांत, पण हजरजबाबी. त्याच्या कॉम्प्युटरवर चित्रंबित्रं काही नसायचं. काळा पडदा आन् पांढरी अक्षरं. माऊसला हात न लावता नुसतं टाइप करायचा. ही फाईल तिकडं ने, हिची नक्कल कर, ह्या दोन जुळतात का बघ.

"काका, हे हुकूम हायेत," म्हणायचा. "हुकूम सोडला की मशीन गुमान ऐकतं."

"मग तुझी काकू काहून ऐकत न्हाई?"

"काकूंचं नवं व्हर्जन आलं न्हाई अजून."

घ्या! असलं पोरगं. फायलींची कामं करणारे हे प्रोग्राम म्हणं जगभरातली माणसं फुकटात लिहितात. कुणी ब्राझीलचा, कुणी फिनलंडचा, आन् एक आमच्या सेलूचा, हा धम्मपाल. दर थोड्या दिवसांनी नवी आवृत्ती निघायची आन् तिच्यासोबत एक कागद, काय चुकलं होतं, काय दुरुस्त केलं, काय नवीन घातलं. धम्मपाल चहा पिता पिता मला ते वाचून दाखवायचा. मला त्यातलं ओ की ठो कळायचं न्हाई, पण ऐकायला बरं वाटायचं. आपल्या चुका आपणच जाहीर करणारी माणसं आपल्याकडं कुठं हायेत?

मागच्या मे महिन्यात मालनबाईनं अंथरूण धरलं. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदय थकलंय, घरी न्या, जपा. मी बघायला गेलो. भिंतीवर बुद्धांचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, दोन्ही माझ्याच हातच्या फ्रेमा. आन् त्यांच्या बाजूला एक मोकळा खिळा.

"हा कुणाचा खिळा?" मी विचारलं.

"ह्यांचा," मालनबाई म्हणली. "सिद्धोधनांचा एकच फोटो होता भाऊ, ओळखपत्रावरला. छपराच्या गळतीत तोंडच धुवून गेलं. मी खिळा ठोकून ठेवलाय." मग म्हणली, "आता त्यांचं तोंड आठवंना झालंय. आवाज आठवतो, चालणं आठवतं. तोंडाच्या जागी नुसतं ऊन दिसतं. जायच्या आधी एकदा बघायचं होतं. नसंल बघितलं तर तिकडं वळखू कसं?"

"आई, तिकडं काही नसतं," धम्मपाल हळूच म्हणला. त्याच्या घरात भूतखेत, वरचं जग असलं काही मानत न्हाईत. मी परत त्या खिळ्याकडं बघितलं. लोकांच्या म्हाताऱ्यांना आभाळ लावून देणारं पोरगं, आन् त्याच्याच बापाचा खिळा मोकळा.

त्याच दिवसांत व्यंकटरावांच्या डिस्का कुरकुर करायला लागल्या. मरायला टेकल्या होत्या. धम्मपालनं सगळ्या लग्नांच्या नकला नव्या डिस्कवर घ्यायचं काढलं. नक्कल झाली की तो जुनी आन् नवी फाईल जुळवून बघायचा. दोन्ही तंतोतंत एकच निघायला पाहिजेत. सुरुवात केली संघप्रियाच्या लग्नापासून, बहिणीचं म्हणून.

दुपारची वेळ. बाहेर ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर कुत्रं न्हाई. धम्मपालनं मधल्या भिंतीवर थाप मारली. मी गेलो.

"काका, हा फोटो जुळंना."

मी बघितलं. मंडपात पंगत बसलेली, संघप्रिया नव्या लुगड्यात वाढायलीय, मागं आचाऱ्याच्या चुली, तांदळाच्या पोत्यांची थप्पी. थप्पीवर एक ताट, त्यावर दुसरं ताट पालथं घातलेलं. दोन्ही फोटो मला तर एकच दिसले.

धम्मपालनं जुळवायच्या प्रोग्राममधी एक नवी सोय घातली होती. नुसतं 'फरक हाय' म्हणून गप बसायचं न्हाई, फरक कुठं हाय तिथं लाल चौकट काढायची. त्यानं हुकूम दिला. चौकट पडली ती पोत्यांच्या थप्पीजवळ.

मोठं करून बघितलं. जुन्या फोटोत तिथं कुणी न्हाई. नकलेत एक माणूस उभा. पाठमोरा, डोक्याला पंचा.

"आचारी असंल," मी म्हणलं.

"मूळ फोटोत न्हाई काका. नकलेत कुठून आला?"

त्यानं परत नक्कल घेतली. आता तो माणूस थोडा वळलेला होता. गाल दिसत न्हवता, पण खांदा दिसत होता. डावा खांदा खाली उतरलेला.

धम्मपालनं त्या खांद्यावर बोट ठेवलं. मग म्हणला, "पाट्या वाहून बाबांचा डावा खांदा असाच उतरला होता."

पंखा चालू होता तरी कानामागून घाम निघाला. "बाबा रे, बंद कर ते," मी म्हणलं. "संघप्रियाच्या लग्नाआधीच तुझा बाप गेला होता."

"भूत न्हाई काका, बग हाय," तो म्हणला. आन् प्रोग्राम उघडून त्यातली चूक शोधायला बसला.

आन् बग खरंच निघाला. नक्कल करायच्या प्रोग्रामात त्याला चूक घावली. जुन्या डिस्कवरचा एखादा तुकडा नक्कल घेताना मधीच वाचता आला न्हाई तर प्रोग्रामनं थांबून ओरडायला पाहिजे. हा ओरडत न्हवता. मेमरीत आधीचं जे काही पडलेलं असंल ते त्या जागी भरायचा आन् चालता व्हायचा.

"आधीचं म्हणजे?"

"दुसऱ्या कुठल्या फोटोतलं उरलेलं."

"मग तो माणूस दुसऱ्या फोटोत असंल की. शोध."

त्यानं शोधलं. कपाटातली डिस्क न् डिस्क पालथी घातली. तो माणूस कुठंच न्हाई. खाली पडलेलं उचलून भरणारा प्रोग्राम, पण जे भरलं ते कुठंच पडलेलं न्हवतं. धम्मपाल मला म्हणला, "माझ्या शोधण्यातच काही चूक असंल." आता ह्याला काय म्हणायचं!

त्यानं चूक दुरुस्त केली. दुरुस्त प्रोग्रामनं नक्कल घेतली, तर थप्पीजवळ एक करडा ठिपका, वाचता न आल्याची खूण. माणूस गायब. जुन्या, चुकीच्या प्रोग्रामनं घेतली की माणूस हजर, आन् दर खेपेला थोडा आणखी वळलेला. मी डोळ्यांनी बघितलंय. दुपारच्या लख्ख उजेडात बघितलंय.

"मग घे की आणखी नकला!" मी ओरडलो. "तोंड दिसू दे. तुझी आई तिकडं वाट बघायलीय."

"दर वाचनाला डिस्क झिजते काका. ह्याच डिस्कवर गावातल्या लोकांची लग्नं हायेत. बाबांसाठी ती मारून टाकू?"

मला लय राग आला. म्हणलं, तुला आई मोठी का गाव? त्यानं दुरुस्त प्रोग्राम लावला आन् एकेक लग्न काढायला बसला. कुणाचं चारठाण्याचं वऱ्हाड, कुणाची मानवतची वरात. मालनबाईचा श्वास तिकडं वर वर चाललेला, आन् हा इकडं लोकांचे नवरदेव वाचवत बसलेला. मी दुकानातून शिव्या घालायचो, तो ऐकायचा. दोन दुकानांमधी एक भिंत, तिकडून डिस्कची टकटक यायची. आत कुणी बोटानं दार वाजवावं तशी.

शेवटचं लग्न निघालं तसं त्यानं मला बोलावलं.

"सगळ्यांचं झालं," म्हणला. "आता आपलं."

जुना प्रोग्राम लावला. जाणूनबुजून चुकीचा. हुकूम सोडला. डिस्कनं टकटक केली, मग घरघर केली, मग एक बारीक शिट्टी आन् सगळं गप. डिस्क मेली. पडद्यावर फोटो आला. डिस्क मधीच मेली म्हणून अर्ध्याहून जास्त करडा. पंगत न्हाई, मंडप न्हाई, संघप्रियासुद्धा न्हाई. एक कोपरा तेवढा उरलेला. पोत्यांची थप्पी, थप्पीवर झाकलेलं ताट, आन् ताटाशेजारी टेकून बसलेला माणूस. तोंड सरळ आमच्याकडं.

धम्मपालनं खुर्ची मागं सरकवली आन् तोंड दोन्ही हातांनी झाकलं. "बाबा," एवढंच म्हणला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला त्या पडद्याकडं बघवंना.

फोटो छापला. ह्या माणसाला आभाळ लावायचं न्हाई, पोत्यांशेजारीच बसू दे, असं मीच म्हणलं. काच पुसली, फोटो बसवला, मागून पुठ्ठा लावला, चारी बाजूंनी खिळे मारले, कागदाची पट्टी चिकटवली. ह्या हातांनी. बसवताना फोटो नीट बघितला, ती सवयच हाय माझी. माणूस बसलेला, शेजारी ताट, ताटावर ताट पालथं.

आमी दोघं घरी गेलो. मालनबाईला उशीला टेकवून बसवलं. फ्रेम तिच्या मांडीवर ठेवली. तिनं पदरानं काच पुसली, जवळ धरली, लांब धरली. मग तिच्या तोंडावर असं काही आलं की मी दाराकडं बघायला लागलो.

"हेच," म्हणली. "आसंच बसायचे."

मग तिचं बोट काचेवर फिरत त्या थप्पीवर थांबलं.

"हे ताट मी ठेवलं होतं," ती धम्मपालला म्हणली. "लेकीचं लग्न, आन् बाप उपाशी कसा ऱ्हाईल? आचाऱ्याला म्हणलं, एक ताट झाकून ठेव. कुणाला सांगितलं न्हाई. लोक म्हणले असते, बुद्धाचं घर आन् मेलेल्याला ताट काढती. तू तर भांडलाच असतास." धाप लागली तशी थांबली. मग डोळे बारीक करून म्हणली, "मला नीट दिसंना. जेवले का रे ते?"

धम्मपाल आईच्या खांद्यावरून वाकला. मी पण वाकलो.

वरचं ताट बाजूला काढून ठेवलेलं होतं. खालचं ताट रिकामं. वरणाचा डाग न्हाई, भाताचं शीत न्हाई. मी फ्रेम हातात घेऊन उलटी केली. माझी कागदाची पट्टी जशीच्या तशी, एक खिळा हललेला न्हाई. प्रोग्रामात बग असतो, मान्य. पण काचेमागच्या कागदात कुठला बग?

मी धम्मपालकडं बघितलं. आता हा म्हणणार, छपाईत काही चुकलं असंल. पण न्हाई. त्यानं माझ्या हातातून फ्रेम घेतली आन् त्या मोकळ्या खिळ्याला अडकवली. मग आईशेजारी बसून तिचा हात हातात घेतला.

"जेवले, आई," म्हणला. "ताट पुसून खाल्लंय."

"बरं झालं," मालनबाई म्हणली आन् डोळे मिटले.