चर्चच्या दारातला कडूबा

उंद्रीच्या कोंडवाड्याचा शिपाई कडूबा याला मोकाट जनावर दिसलं की जितका आनंद व्हायचा, तितकाच अनोळखी माणूस दिसला की व्हायचा. सोमवार ते शनिवार तो ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्याच्या फाटकाशी बसे आणि कोणाच्या हरभऱ्यात शिरलेल्या गाई-म्हशी आत घेई. रंग कोणता, शिंगं कशी, कानाला चीर आहे का, कोणाचं जनावर, कुठल्या गावचं, हे सगळं ठरल्याशिवाय फाटक लावायचं नाही, असा त्याचा शिरस्ता होता. रविवारी मात्र तो धुतलेलं धोतर नेसायचा, मिशनच्या साहेबानं जाताना दिलेला आणि कधीच अंगाला न बसलेला कोट चढवायचा आणि गावाबाहेरच्या कौलारू चर्चच्या दारात उभा राहायचा. फाटक बदललं म्हणून कडूबा बदलायचा नाही.

कडूबाचा बाप मिशनच्या दवाखान्यात मरणाच्या दारातून परत आला, तेव्हा सगळं घर ख्रिस्ती झालं. पाद्री साहेबांनी पोराला दानिएल हे नाव सुचवलं. बाप कबूल झाला, आई झाली नाही. आधीची लेकरं गेल्यावर हे तरी जगावं म्हणून तिनं पोराचं नाव कडू ठेवलं होतं. ‘पोरगं जगलं ते याच नावानं, आता बदलाले लावू नका,’ असं तिनं साहेबांना सांगितलं, आणि साहेब मराठी शिकलेला असल्यामुळे गप्प बसला.

मंडळीनं कडूबाला चर्चच्या दारात उभं केलं तेव्हा उंद्रीचा बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता. पुढे तो मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला. वर सरकारं बदलत राहिली, खाली दारात कडूबा कायम. गावात त्याला मान असा नव्हताच. जनावर कोंडल्याबद्दल लोक त्याला आठवडाभर शिव्या घालत. अख्ख्या उंद्रीत त्याला बघून कोणी हात जोडायचं ते त्या एका दारात, आठवड्यातून एकदाच. ‘सलाम, कडूबा’ म्हणत माणसं आत शिरत, आणि कोटाच्या आत कडूबा जरा भरून येई. तेवढ्यापुरता कोट त्याला बसायचा.

नव्या माणसाचं स्वागत हे कडूबाचं खास काम. ते तो इतकं मन लावून करी, की एकदा आलेला माणूस पुन्हा दिसत नसे.

आता त्या कंपाउंडरचंच पाहा. बदली होऊन आलेला सरळमार्गी तरुण, इस्त्रीचा सदरा, हातात गीतांचं पुस्तक. कडूबानं त्याला दारातच गाठलं.

“सलाम, सलाम! या भाऊ! कोनाकडचे तुमी?”

“मी दवाखान्यात नवीन आलोय. कंपाउंडर.”

“ते झालं पोटाचं. कोनाकडचे?”

“बीबी गावचा.”

“बीबीत कोनाचे? आडनाव काय? घर खालच्या आंगाले का वरच्या? मायचं माह्यर कुठलं?”

आत पहिलं गीत संपलं, दुसरं सुरू झालं, तरी हा दारातच. दुसऱ्या गीतानंतर नव्या माणसानं उभं राहायचं आणि कडूबानं त्याची ओळख करून द्यायची, अशी तिथली पद्धत. दवंडीवाल्याला जनावराचं वर्णन सांगावं त्या थाटात कडूबानं सांगितलं, “हे भाऊ बीबीचे. घर खालच्या आंगाले. मामा मेहकरले असते. एक सोयरीक जुळून मोडली, पन पोरगा गरीब हाये, खोडी काही नाही.”

सतरंजीवर बायकांच्या बाजूला खसखस पिकली. कंपाउंडर कानापर्यंत लाल झाला. पुढच्या रविवारी त्याला ड्यूटी लागली, आणि त्यानंतरचा एकही रविवार ड्यूटीतून सुटला नाही. त्याच्याआधी एक शाळामास्तर असाच गेला होता, आणि त्याच्याआधी एक ग्रामसेवक बायकोसकट.

शेवटी चर्चच्या पंचांची बैठक बसली. पंचांचे मुख्य महादेवराव. जंगल खात्यातून निवृत्त झालेले, पण बोलताना अजून समोर वणवा लागल्यासारखे बोलत.

“कडूबा, आलेला मानूस पुन्हा काऊन येत नाही?”

“मले काय मालूम? मी तर कोनाले काही कमी पडू देत नाही.”

“थेच तर म्हनून राह्यलो मी!” महादेवराव गरजले. “ह्या नाताळापोवतर एक तरी नवा मानूस दुसऱ्यांदा आला पाह्यजे. नाही आला त सहदेव उभा राहीन दारात.”

सहदेव म्हणजे चर्चची घंटा वाजवणारा. तो कोणाशी बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तो उभा राहिला काय आणि दाराला कडी घातली काय, सारखंच. पण पंचांचा निर्णय झाला. कडूबानं त्या रात्री भाकरीला हात लावला नाही. बायको केसरबाई म्हणाली, “दारच त हाये. कोंडवाडा कुठं चालला?” त्यावर कडूबा कूस बदलून झोपला. कोंडवाडा कुठं जात नव्हता, हेच तर त्याचं दुःख होतं.

चर्चचे पाळक, म्हणजे आताचे पाद्री, दयाराम हे मऊ माणूस. हार्मोनियमच्या पट्ट्यासुद्धा दुखावतील अशा बेतानं दाबत. त्यांनी कडूबाला बाजूला घेतलं. “तू असं कर, दुसरीकडच्या चर्चमंदी जाऊन ये. तू दारात उभा राह्यतो हे काही सांगू नको. नवा मानूस होऊन जा. ते कसं घेतात ते पाय.”

कडूबा पहिल्यांदा गेला वडनेर भोलजीला. तिथं एका वाड्यातल्या खोलीत छोटी मंडळी भक्तीला जमत असे, आणि नवा माणूस त्यांच्याकडे पावसाइतका क्वचित. कडूबा दिसला आणि सगळी खोली उठून उभी राहिली. झेंडूचा हार घातला. खुर्ची एकच होती, ती पाळकाखालून काढून त्याला दिली. ‘एक गीत म्हना’ असा आग्रह झाला. कडूबानं सगळी कडवी म्हटली, काही दोनदा. नंतर या घरी चहा, त्या घरी पोहे, तिसऱ्या घरी पुन्हा चहा. बसमध्ये चढवायला अर्धी मंडळी आली आणि कंडक्टरनं त्याला पुढारी समजून पुढची जागा दिली.

घरी आल्यावर केसरबाईनं विचारलं, “मंग? काय शिकले?”

“मानसं बरी हायेत,” कडूबा म्हणाला. “पन कच्ची. मायचं माह्यर कोनं इचारलं नाही.”

दुसऱ्यांदा तो एका मोठ्या गावी गेला. गावाचं नाव न घेतलेलं बरं, कारण तिथले पंच अजून धडधाकट आहेत. तिथलं चर्च दगडी, आत सतरंजी नाही तर बाकं, आणि दारात एक वयस्क गृहस्थ. कोट अगदी त्यांच्याच मापाचा. कडूबानं त्यांना मनोमन आपल्या धंद्यातला माणूस म्हणून सलाम केला.

“या. नाव?”

“कडूबा.”

“गाव?”

“उंद्री.”

“घर कोणत्या भागात?”

कडूबा खूश झाला. अखेर स्वागत जाणणारा माणूस भेटला! त्यानं घर सांगितलं, गल्ली सांगितली, कोणत्या बाजूला विहीर ते सांगितलं. गृहस्थ ऐकत होते आणि त्यांचे डोळे हळूहळू बारीक होत होते.

“असं होय. म्हणजे मूळचे कोण?”

कडूबाच्या तोंडात उत्तर होतं. तो कधी ते लपवून राहिला नव्हता. पण ते उत्तर ओठांशी येऊन थांबलं. काही न विचारता मिशनच्या ज्या डॉक्टरनं बापाला खाटेवर घेतलं होतं, त्याच्याच देवाच्या दारात हा प्रश्न आला होता, आणि तोही किती गोड आवाजात.

“ठीक आहे, ठीक आहे,” गृहस्थ उत्तराशिवायच समजले. “असं करा, मागच्या बाकांवर बसा. तुमची माणसं तिकडं असतात. बरं वाटेल तुम्हाला.”

कडूबा मागच्या बाकावर बसला. गाणं सुरेख होतं, वाजवणारा तयारीचा होता. कडूबाला सगळी गीतं येत होती. त्यानं एकही म्हटलं नाही. भक्ती संपल्यावर चहा होता, त्याला तो थांबला नाही. घरी येऊन त्यानं कोट खुंटीला लावला आणि भिंतीकडे बघत बसला.

केसरबाई घाबरली. भाजीबाजारात दिवसभर बसणारी बाई ती, माणूस गप्प बसला म्हणजे आजारी असं तिचं साधं निदान. “उन्ह लागलं काय? का कोनं मारलं?”

“त्यानं इचारलं, मूळचे कोन?”

“मंग?”

“मंग काय? असं इचारतेत?”

केसरबाई मिरच्यांचे देठ तोडत होती. ती थांबली नाही. “तुमी नाही इचारत? खालच्या आंगाले घर का वरच्या? आडनाव काय?”

“माहं येगळं. मी जीव लावाले इचारतो.”

“तुमच्या मनात काय हाये ते तुमाले मायती. त्या कंपाउंडरले कसं मायती पडन?”

कडूबानं एक मिरची उचलली आणि देठ न तोडताच परत ठेवली. लाल झालेल्या त्या पोराचे कान त्याच्या डोळ्यांसमोर आले. पोरगं सोयरिकीच्या गोष्टीनं लाजलं, असंच तो आजवर समजत होता.

नाताळ जवळ आला. नवा माणूस फिरकेना. सहदेवानं एका रविवारी घंटा वाजवून झाल्यावर सहज दारापाशी येऊन चौकट हातानं चाचपून पाहिली, तेव्हा कडूबा सरकून दाराच्या मधोमध उभा राहिला. आणि त्याच रविवारी, पहिलं गीत सुरू असताना, एक बाई आली.

तिशीची असावी. साधं लुगडं, हातात पिशवी. दारापासून चार हात दूर उभी राहिली. आत जावं की परत फिरावं, हे तिचं ठरलेलं नव्हतं. कडूबाच्या जिभेवर सगळे प्रश्न एकदम गोळा झाले. बाई कोणाकडची? एकटीच काऊन? गळ्यात काही नाही, म्हणजे काय समजायचं? पिशवीत काय असेल? त्यानं ओठ इतके घट्ट मिटले की मिशी थरथरली.

“सलाम बाई,” तो म्हणाला. “पानी पेता?”

बाई प्यायली. तांब्या परत देताना तिनं त्याच्याकडे पाहिलं. पुढचा प्रश्न येणार म्हणून ती उभीच राहिली होती. अशा प्रश्नांची तिला सवय असावी.

“जा, आत बसा. तिकडं माही मालकीन बसली हाये, तिच्यापाशी.”

दुसरं गीत संपलं. पाळकांनी कडूबाकडे पाहिलं. सगळी मंडळी सावरून बसली, बायकांनी तोंडावर पदर आधीच घेतले. कडूबा उठला.

“ह्या बाई आज आपल्यात आल्या. आपल्याले बरं वाटलं.”

आणि बसला. सगळे वाट पाहत राहिले. पाळकांची बोटं पट्ट्यांवर तशीच थांबली. पुढं काहीच येईना तेव्हा महादेवराव शेजारच्याला मोठ्यानं म्हणाले, “याची तब्येत बिघडली.”

त्या आठवड्यात कडूबाच्या घरी मोठा छळ झाला. केसरबाईला त्या बाईची सगळी हकिगत बाजारात बसल्या जागी कळली होती.

“ऐकता का, थे बाई हाये ना...”

“सांगू नको!”

“अहो पन तिचा...”

“केसर, तुले शपथ हाये!” म्हणत कडूबा ताट घेऊन अंगणात जाऊन जेवला. आत माहिती होती आणि बाहेर तो होता. आयुष्यात एवढा उपास त्यानं कधी केला नव्हता.

नाताळाआधीचा शेवटचा रविवार उजाडला. महादेवराव लवकर येऊन दाराजवळच बसले, निकाल ऐकायला बसावं तसे. घंटा झाली. नेहमीची माणसं आली, सलाम करून आत गेली. पहिलं गीत झालं. रस्ता रिकामा. दुसरं गीत सुरू झालं, तेव्हा कडूबानं कोटाची गुंडी काढली, पुन्हा लावली. सहदेव घंटेच्या दोरीपाशी उभा राहून त्याच्याकडे बघत होता.

दुसऱ्या गीताचं शेवटचं कडवं चालू असताना वळणावर ती बाई दिसली. या खेपेला सोबत एक म्हातारी होती, काठी टेकत येणारी. म्हातारीला तिनं हाताला धरलं होतं आणि तिच्या कानाशी काही सांगत होती. दारापाशी आल्यावर बाईनं स्वतःच हात जोडले.

“सलाम, भाऊ. ह्यायलेही आनलं. यायच्या नाही म्हनत होत्या. म्या सांगतलं, तिथं कोनी काही इचारत नाही.”

कडूबा बाजूला सरकला. म्हातारीची काठी त्यानं भिंतीला टेकवून ठेवली, तिला पाणी दिलं, आणि दोघींना केसरबाईकडे हात केला. दोघी आत गेल्या.

महादेवराव सतरंजीवरून सरकत सरकत कडूबाच्या अगदी जवळ आले. दार कोणाकडे राहणार, हा प्रश्न आता उरलाच नव्हता. पण त्यांना वेगळीच तळमळ लागली होती.

“कडूबा,” ते कुजबुजले, म्हणजे निम्म्या चर्चला ऐकू गेलं. “थे म्हातारी कोन? सासू का माय? कोनाकडचे हायेत हे लोक?”

“इचारलं नाही,” कडूबा म्हणाला.

“काऊन बे?”

“प्रार्थना सुरू हाये, महादेवराव. डोळे मिटा.”