पांढऱ्या रक्ताच्या माशांची लॅब

रिकाम्या बाटल्या जशा लॅबच्या माळ्यावर साठतात ना, तसे किस्से साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही. एक दिवस सहज वर बघावं, तर माळ्यावर जागाच उरलेली नसते!

आमची लॅब छत्रपती संभाजीनगरात, आणि आमचे मासे दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्रातले. मोहिमेवर जाणारी माणसं नमुने आणतात, आम्ही त्यांचा डीएनए वाचतो. आमच्याकडं मुख्यतः दोन जाती, अगदी सख्ख्या बहिणींसारख्या. त्या एकमेकींपासून वेगळ्या कशा झाल्या आणि पुन्हा कधी एकमेकींत मिसळतात का, हा आमचा विषय. लॅबच्या प्रमुख नाईक मॅडम. त्यांच्या हाताखाली मी. आणि पीएचडी करणारे दोघं, नसरीन आणि बिरू. नसरीन इथल्याच औरंगपुऱ्याची. बिरूच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. त्याचे आबा अजूनही कळप घेऊन रानोमाळ असतात.

* * *

मी राहते पुंडलिकनगरात. आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा. असंच एकदा ड्रम भरता भरता शेजारच्या काकूंनी विचारलं, "ताई, तुम्ही कॉलेजात नेमकं करता काय हो?"

मी सांगितलं. ध्रुव, बर्फ, मासे, सगळं.

काकू पाइप हातात धरून तशाच उभ्या. "अगं बाई! तिथं लई पाणी असल?"

"आहे ना काकू. पण वरचं सगळं गोठलेलं."

काकूंनी एक उसासा सोडला. "म्हंजे त्यांनाबी सुटायची वाटच बघावी लागती म्हणा की!"

* * *

नसरीन नवीन होती तेव्हाची गोष्ट. मोहिमेवरून रक्ताच्या गोठवलेल्या नळ्या आल्या. त्यातली एक तिनं वितळू दिली, उजेडाला धरली आणि ओरडलीच, "मॅडम, ये तो पानी है! किसने तो बी खाली पानी भरके भेज दिया!"

मॅडम आल्या. त्यांनी नळी हातात घेतली, जरा तिरकी केली.

"रक्तच आहे ते," त्या म्हणाल्या. "या माशांच्या रक्तात लाल रंग नसतो. आपल्याला प्राणवायू वाहून न्यायला हिमोग्लोबिन लागतं. तिथलं पाणी इतकं थंड, की त्यात प्राणवायू भरपूर विरघळतो. तेवढ्यावर यांचं भागतं."

आम्ही तिघंही त्या नळीकडं बघत राहिलो. पुस्तकात मी हे कितीदा वाचलं होतं. पण हातात धरलेलं रक्त काचेसारखं आरपार दिसतं, तेव्हा अंगावर काटा येतो!

"पण मॅडम, तेवढ्यावर भागतं कसं?" नसरीननं विचारलं.

"हृदय मोठं असतं त्यांचं. आपल्या लाल रक्ताच्या भाईबंदांपेक्षा बरंच मोठं."

बिरू म्हणाला, "म्हणजे रक्तात काय कमी पडलं, तर काळीज मोठं करायचं. बरंय की!"

* * *

नसरीनची एकदा फार वाईट वेळ आली होती. तिच्या एका माशाचे निकाल जुळेनात. आईकडून येणारा डीएनए वाचला की मासा एका जातीचा. बाकीचा डीएनए वाचला की निम्मा या जातीचा, निम्मा त्या जातीचा.

लॅबमध्ये असं झालं की पहिला संशय माणसावर. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नसरीन, नळ्यांची सरमिसळ झालीय. परत कर."

तिनं परत केलं. तेच आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पोरीचं जेवणावरून लक्ष उडालं. तीन वर्षांचं काम, आणि सगळीकडं कुजबुज सुरू झालेली, की हिच्या हाताला स्वच्छता नाही. एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन रडली. "दीदी, मैं इतनी बेवकूफ तो नहीं हूँ ना?"

शेवटी मॅडम स्वतः बसल्या. अंगात पांढरा कोट, हातात नवे मोजे, सगळी रसायनं नवीन. माशाचा तुकडाही स्वतःच कापला. दोन दिवस त्यांनी टेबलाजवळ कुणाला फिरकू दिलं नाही.

निकाल स्क्रीनवर आला. निम्मा इकडचा, निम्मा तिकडचा.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. लाखो वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झालेल्या दोन जाती, आणि त्या काळोख्या पाण्यात कधीतरी त्यांची गाठ पडलेली! त्या भेटीचा पुरावा आमच्या टेबलावर.

मॅडम नसरीनकडं वळल्या. "सरमिसळ झालीच होती गं," त्या म्हणाल्या. "पण ती तू नव्हती केलीस!"

* * *

बिरूचे आबा एकदा लॅबमध्ये आले. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, मुलासाठी आणलेला तुपाचा डबा. चपला त्यांनी दाराबाहेरच काढल्या. नको म्हणालो तरी ऐकेनात.

बिरूनं त्यांना एक व्हिडिओ लावून दिला. ध्रुवाजवळच्या समुद्राच्या तळाशी कॅमेरा सोडून घेतलेला. तळावर गोल गोल खड्डे, एकाला लागून एक, कॅमेरा पुढं जातोय तरी संपत नाहीत. प्रत्येक खड्ड्यात अंडी आणि त्यांच्यावर बसलेला एकेक पांढुरका मासा.

आबांना आधी वाटलं, मेंढरांचा तळ आहे. "कुणाचा म्हणायचा हा?"

"कुणाचाच नाय, आबा. मासे हायेत. अंड्यांची राखण करतायत."

"सगळेच?"

"व्हय. पिल्लं निघंपर्यंत महिनेन् महिने."

"अन् अंधारात?"

"अंधारात. वरती बर्फ."

खुर्ची दिली होती, पण आबा स्क्रीनच्या समोर उभेच. व्हिडिओ संपला. त्यांनी बोटानं खूण केली, परत लाव. तेवढ्यात पलीकडं माझ्या हातून स्टीलचा ट्रे खाली पडला, ठण्णकन!

आबा दचकून वळले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, जरा हळू. उठतील ना ते!"

* * *

मे महिन्यातली दुपार. डांबर वितळतंय, आणि लॅबची वीज गेलेली. जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. आमच्या डीप फ्रीजरचा आकडा हळूहळू वर चढायला लागला. आत कुणाचं अख्खं संशोधन, कुणाची पुढची पाच वर्षं.

"दार उघडायचं नाही!" मॅडम म्हणाल्या. "बर्फ आणा. मिळेल तेवढा. आणि मीठ. आणलं की नमुने त्यात काढू."

नसरीन आणि मी स्कूटीवरून छावणीच्या बाजाराकडं सुटलो. तिथं बर्फाचा एक कारखाना आहे, लग्नाचा सीझन असल्यानं ही गर्दी! नसरीन वाट काढत थेट गल्ल्यावरच्या चाचांसमोर.

"चाचा, पूरी लादियां चाहिए. अभी के अभी."

"शादी किसकी है?"

"शादी नहीं चाचा. मच्छी के वास्ते. अंटार्क्टिका की मच्छी."

चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "वो बरफ वाला मुलुक?"

"वही. वहां का पानी इतना ठंडा है, की दुसरी मच्छी जम के पत्थर हो जाए. इनके खून में अल्लाह ने ऐसी चीज डाली है, की अंदर बरफ बनने लगे तो वहीं रोक देती है. इनका खून जमताच नहीं."

चाचांचा हात थांबला. मागं ओरडणारे दोन मांडववालेही पुढं सरकून ऐकू लागले. "सुभानल्लाह," चाचा पुटपुटले. मग त्यांनी लाद्या पोत्यात भरायला सांगितल्या, आमचा नंबर सगळ्यांच्या आधी लावला.

रिक्षात पोती चढली. आम्ही निघणार, तेवढ्यात चाचा बाहेर आले. मनात काहीतरी घोळत होतं.

"बेटी, एक बात बता," ते म्हणाले. "जमतीच नहीं, तो फिर बरफ काहेकू?"

नमुने वाचले. चाचांना उत्तर द्यायचं मात्र राहूनच गेलं!

* * *

आणि मग बिरू स्वतःच मोहिमेवर गेला. ज्यानं समुद्र पहिल्यांदा बघितला तो जहाजात चढतानाच!

परत आला तो ओठ फुटलेला, नाकाची सालपटं निघालेली, आणि डोळ्यांत काहीतरी वेगळंच घेऊन. कितीही विचारा, "सांगता येत नाय," एवढंच म्हणायचा. पेट्या मात्र शिस्तीत भरून आणलेल्या. प्रत्येक मासा अख्खा, नीट गुंडाळलेला. फक्त एका नळीत नखाएवढा कल्ला.

"बाकीचा मासा कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"सोडला, मॅडम."

"सोडला?" मॅडमचा आवाज चढला. "अरे, एवढं लांब जाऊन कल्ल्याचा तुकडा आणलास?"

बिरू खाली मान घालून उभा. तो विषय तिथंच राहिला.

काही आठवड्यांनी नसरीन धावत आली, हातात लॅपटॉप. "मॅडम! वो छोटी नळी! वो मिक्स है, मॅडम! आधी इधर की, आधी उधर की!"

सगळे जमलो. मॅडम वर्षानुवर्षं एकच प्रश्न उराशी धरून होत्या. अशा मिश्र माशाची पुढं वीण होते, की खेचरासारखी गोष्ट तिथंच संपते? जगात कुणाला विचारावं तर जो तो अंदाज सांगायचा.

"बिरू," मॅडम हळूच म्हणाल्या, "फोटो तरी आहे का रे?"

बिरूनं फोन पुढं केला. ओल्या हातमोज्यावर एक मासोळी. मागं पांढरं अथांग. अंग काचेचं, कल्ले दुधासारखे. पोट तट्ट फुगलेलं, आणि खालच्या बाजूनं साबुदाण्याएवढी अंडी बाहेर डोकावत होती.

मॅडम स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्यांनी फोन हातातून सोडला नाही. रागावल्या आहेत की काय, आम्हाला कळेना. नसरीननं माझा हात घट्ट धरला होता.

शेवटी त्यांनी विचारलं, "सोडताना ती तुला कुठल्या जातीची वाटली होती?"

"जात नाय बघितली, मॅडम," बिरू म्हणाला. "दिवस भरत आले होते तिचे."