बार्बेराला स्थळ

माझी फजिती मीच सांगून टाकतो बुवा. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिखटमीठ लावून सांगेल!

इकडे गुजरातेत, अकोट्यात मी एकटा राहतो. बायको गेल्यापासून घरात आवाज काढतो तो फक्त कुकर. मुलगी ईशा नोकरीसाठी इटलीत, तुरिनला. रविवारी तिचं दुपारचं जेवण आणि माझा संध्याकाळचा चहा एका वेळी येतो. तेव्हा आमचा फोन. आठवड्याचं बोलणं तेवढंच.

एका रविवारी विचारलं, "जेवायला काय गं?"

"मश्रूमचा भात. आणि बार्बेरा!"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पोरगी परक्या देशात एकटी जेवते, हे आठवलं की माझं ताट अर्धंच राहायचं. मिळाली बुवा कुणीतरी मैत्रीण!

"कुठली ती?"

"इथलीच, पिएमाँतची."

"स्वभावाला कशी?"

ईशा हसली. "जरा आंबट. पण कडवट नाही हं बाबा."

"आणि जेवणाखाण्याचं?"

"टोमॅटोचं काहीही असू दे, मटण असू दे, झकास जमतं. गोडाशी मात्र मुळीच नाही."

म्हणजे बेसनाचे लाडू बाद! पुढच्या रविवारी पुन्हा चौकशी. "आहे का बार्बेरा?"

"ही काय, समोरच आहे."

"रंगानं?"

"लालबुंद!"

थंड देश, असणारच ना?

हे सगळं मी शेजारच्या कोकिळाबेनना सांगितलं. त्या गुजरातीत म्हणाल्या, "अंकल, छोकरी कुंवारी छे?"

झालं! डोक्यात दिवा लागला. नागरवाड्यातल्या कर्णिकवहिनींचा प्रसाद रिफायनरीत इंजिनियर, आणि लग्न काही जमेना. लावला फोन.

"आंबट स्वभावाची चालेल हो," वहिनी म्हणाल्या. "आमच्या प्रसादला धाक हवाच आहे. पण मी आधी बघणार."

रविवारी वहिनी ठेवणीतली साडी नेसून हजर. प्रसाद इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. कोकिळाबेन खमण घेऊन आल्या. माझं घर भरलं होतं हो! कितीतरी दिवसांनी मी कपाटातून जास्तीचे कप काढले.

व्हिडिओ कॉल लागला. "ईशा, बार्बेराला बोलाव. मुलाकडची मंडळी आलीत."

"कुणाकडची?"

"अगं, दाखव तर आधी!"

तिनं दाखवली. मानेला धरून उचलली आणि दाखवली. बाटली!

वहिनी पडद्याजवळ वाकल्या. मग कोकिळाबेन पुटपुटल्या, "आ तो दारू छे!" आणि उठून त्यांनी खिडकी लावून घेतली. गुजरात आहे बाबा, दारूबंदी!

वहिनींनी प्रसादचं मनगट धरलं आणि जिना उतरल्या. मागोमाग कोकिळाबेनही गेल्या. मी आणि फोन, दोघेच उरलो.

"बाबा, मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय," ईशा म्हणाली. "म्हटलं, बाबांना चालतंय, बरं झालं. लपवायला नको."

"म्हणजे जेवताना तू एकटीच असतेस?"

"तुमच्यासारखीच."

तिच्या भाताची वाफ विरलेली दिसत होती. पण फोन कुणी ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी नागरवाड्यातून माझ्या चुलतभावाचा, बंडूचा फोन. वहिनींनी लाजेकाजेस्तव बाटलीचं नावच काढलं नव्हतं. "जमलं नाही" एवढंच सांगितलं होतं.

"काय रे, इटलीच्या मुलीचं कशावरून मोडलं?"

बाटली म्हणायला माझीही जीभ रेटेना. म्हटलं, "तिला गुजरातेत यायची परवानगी नाही."

"अरेरे! मग आता?"

"आता मीच जातोय तिकडे. पासपोर्ट काढायला टाकलाय. तिच्यासमोर बसून चार घास तरी खाईन."

मी ईशाबद्दल बोलत होतो हो! बंडू म्हणाला, "या वयात?"

आता सगळ्या नागरवाड्यात एकच बातमी आहे: म्हाताऱ्यानं प्रसादसाठी पाहिलेली मुलगी स्वतःसाठीच ठेवून घेतली!