दहीभात आणि वाघ

चेन्नईजवळ तांबरमच्या पुढच्या प्राणिसंग्रहालयात त्या रविवारी कुटुंबांना सरकारी सवलत होती. फाटकाबाहेर झाडाच्या सावलीत एक बाई आपल्या चार-पाच वर्षांच्या लेकाला दहीभात भरवत होती. मला फोनवर मराठी बोलताना ऐकून ती हसली आणि मराठीतच बोलू लागली. तिच्या मराठीला तमिळचा संथ झोका होता. मुलगा मान फिरवायचा, ती हनुवटी धरून पुन्हा घास द्यायची.

“पुरे की आता,” मी म्हटलं.

“तिकीट स्वस्त केलंय हो. आतलं आइस्क्रीम कुणी स्वस्त केलंय? पोट भरलेलं असलं की मागत नाही.”

दुपारी ती वाघाच्या खंदकापाशी पुन्हा दिसली. पिवळ्या उन्हात वाघ सावकाश पाण्यात उतरत होता, जणू कुणाच्या तरी स्वप्नातला. मुलगा तिच्या खांद्यावर गाढ झोपला होता.

“अहो, उठवा ना त्याला!”

तिनं शेजारच्या आइस्क्रीमच्या गाडीकडे पाहिलं. “ती जाऊ दे आधी.”

गाडी हलली नाही. वाघच पाण्यातून उठून गुहेत गेला. ती मात्र झोपलेल्या लेकाच्या कानात हळूहळू सांगतच राहिली, “बघ, पाण्यात उतरला... बघ, शेपटी भिजली...”